इंग्लंडमध्ये गळ टाकायचाय? कोर्स फिशिंगला नव्याने निघणाऱ्यांसाठी

लहानपणी ओढ्यावर, खाडीत किंवा धरणाच्या भिंतीजवळ गरवायला गेलेला माणूस इंग्लंडमध्ये राहायला आला की पहिल्याच उन्हाळ्यात त्याचं लक्ष पाण्याकडे जातं. घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर कुठलातरी कालवा, तळं नाहीतर नदी असते, आणि तिच्या काठावर हिरवी छत्री उघडून कुणीतरी शांत बसलेलं असतं. आपणही बसावंसं वाटतं. मग प्रश्न सुरू होतात. परवाना लागतो का, कुठून काढायचा, इथे बसलं तर कुणी उठवेल का, कुठला रॉड घ्यायचा, आणि मासा मिळालाच तर त्याचं काय करायचं? दुकानात विचारलं तर तीनशे पौंडांचं सामान समोर मांडलं जातं. इंटरनेटवर वाचायला जावं तर निम्मे शब्द अनोळखी.

मी स्लाऊजवळ राहतो आणि गेली बरीच वर्षं ग्रँड युनियन कालव्यावर आणि आसपासच्या तळ्यांवर जातो. नव्याने आलेले मित्र हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून सगळं एका जागी, क्रमाने लिहितोय.

सामन आणि ट्राउट हे इथे ‘गेम’ मासे. ते सोडून नद्या, तळी आणि कालव्यांतले बाकीचे जवळजवळ सगळे गोड्या पाण्यातले मासे ‘कोर्स’मध्ये येतात: रोच, पर्च, ब्रीम, टेंच, रड, चब, डेस, बार्बेल, कार्प, पाइक. कार्प आणि बार्बेल तर आपल्या रोहू आणि महाशीरच्याच कुळातले. निघण्याआधी दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. इथल्या जवळजवळ प्रत्येक पाण्याला मालक आहे, आणि पकडलेला मासा परत पाण्यात जातो. पुढचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतूनच निघतात.

१. आधी तारीख बघा

नद्या, ओढे आणि ‘ड्रेन’ म्हणतात त्या निचऱ्याच्या पाटांवर १५ मार्च ते १५ जून कोर्स मासेमारी पूर्ण बंद असते. १६ जूनला हंगाम उघडतो, आणि त्या दिवशी पहाटे नदीकाठी जी लगबग असते ती एकदा तरी बघावी. हा बंद हंगाम १८७८ च्या गोड्या पाण्यातील मासेमारीच्या कायद्याने आला. शेफील्डचे खासदार ए. जे. मुंडेला यांनी तो मांडला होता, म्हणून मुंडेला कायदा या नावानेही तो ओळखला जातो. बहुतेक कोर्स मासे वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अंडी घालतात, त्या वेळी त्यांना कुणी छेडू नये हा हेतू.

हा मुद्दा आपल्या लोकांना नीट समजावून सांगावा लागतो. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडणं हा सोहळा असतो. पोटात गाबोळी घेऊन उलट्या प्रवाहात चढणारा मासा हाच तेव्हा सगळ्यांना हवा असतो. इथे बरोबर तोच काळ मना आहे. आपल्याकडेही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. तसाच हा नियम समजा, फक्त तो काठावर एक रॉड घेऊन बसलेल्या माणसालाही लागू आहे.

तळ्यांवरची ही सक्ती १९९५ मध्ये उठली आणि बहुतेक कालव्यांवरची २००० मध्ये. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जायचं असेल तर तळं किंवा कालवा गाठा. तरीही जागेचे नियम वाचा: निसर्गसंरक्षणाखालच्या काही पाण्यांवर बंदी अजून आहे, आणि काही क्लब आपल्या तळ्यांवर ती स्वखुशीने पाळतात.

२. रॉड लायसन्स काढा

इंग्लंड आणि वेल्समध्ये गोड्या पाण्यात गळ टाकायला १३ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं. इंग्लंडमध्ये ते एन्व्हायर्नमेंट एजन्सी या पर्यावरण बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या अखत्यारीत येतं. सरकारी संकेतस्थळावरून, म्हणजे जीओव्ही डॉट यूकेवरून, दहा मिनिटांत मिळतं. तिथूनच काढा, तशाच दिसणाऱ्या मध्यस्थांच्या साइटवर फुकट जादा पैसे जातात.

लागणारी माहिती थोडीच:
– नाव, पत्ता, जन्मतारीख
– ईमेल किंवा मोबाइल नंबर
– बँकेचं कार्ड
– ज्येष्ठ म्हणून किंवा अपंगत्वासाठी सवलत हवी असेल तर त्याचे तपशील

तुम्हाला हवं ते ‘ट्राउट अँड कोर्स’, दोन रॉडचं. एक दिवसाचं, आठ दिवसांचं आणि बारा महिन्यांचं असे तीन पर्याय येतील. तीन रॉडचं लायसन्स मुख्यतः कार्पमागे जाणारे घेतात, त्याकडे सध्या बघू नका. १३ ते १६ वयाच्या मुलांचं लायसन्स फुकट असलं तरी ते काढावंच लागतं. १३ च्या आतल्या मुलांना लागत नाही.

आई-बाबा भारतातून आले आहेत आणि बाबांना गरवायची आवड आहे, असं अनेक घरांत असतं. त्यांच्या हातात रॉड देणार असाल तर त्यांचं वेगळं लायसन्स काढा. पाहुणा म्हणून सूट नाही. आठ दिवसांचं त्यासाठी छान पडतं. तुमच्या लायसन्सवर दुसरा कुणी बसू शकत नाही, शेजारी तुम्ही असलात तरी.

लायसन्सशिवाय सापडलात तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तपासायला अधिकारी खरोखर येतात, कामाच्या दिवशीसुद्धा. मागितलं की मोबाइलवर दाखवायचं, बास. हे पैसे नुसते तिजोरीत जात नाहीत. नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टनला एजन्सीचं मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे वाढवलेले रोच, चब, बार्बेल दरवर्षी नद्यांत सोडले जातात.

स्कॉटलंडला फिरायला गेलात तर तिथे, सीमेवरच्या एस्क नदीचा भाग सोडून, असं लायसन्स नाही. मालकाची परवानगी मात्र तिथेही लागते. आणि ब्रायटनच्या धक्क्यावर समुद्रात गळ टाकायचा असेल तर तो विषयच निराळा, त्याला हे लायसन्स नको.

३. पाण्याच्या मालकाची परवानगी घ्या

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. लायसन्स म्हणजे मासे पकडायचा सरकारी परवाना. अमुक पाण्यावर बसायचा हक्क त्याने मिळत नाही. तो हक्क पाण्याच्या मालकाचा, किंवा मालकाकडून तो भाड्याने घेतलेल्या अँगलिंग क्लबचा. दोन्ही लागतात, दोन्ही वेगवेगळे आणि दोन्हींचे पैसे वेगवेगळे.

परवानगी साधारण तीन रूपांत मिळते. पहिलं डे तिकीट: खाजगी तळ्यांवर गेटपाशी, कॅफेत किंवा ऑनलाइन. काही ठिकाणी तुम्ही आधी बसायचं आणि बेलिफ फिरत येऊन पैसे घेतो. कोर्टाचा बेलिफ डोक्यातून काढून टाका. हा पाण्याची राखण करणारा माणूस, बहुतेकदा क्लबचाच सदस्य, आणि नवख्याला चार गोष्टी आनंदाने सांगणारा. दुसरं क्लबचं वर्षाचं कार्ड. तिसरं मोठ्या संस्थेचा परवाना: कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नद्या आहेत; त्यातले बरेच पट्टे क्लबांना भाड्याने दिलेले आहेत, उरलेल्या काहींवर ट्रस्ट स्वतःचा परवाना देतो.

कुठला पट्टा कुणाचा, हे कसं कळायचं? काठाने चालत जा. दर काही अंतरावर खांबाला किंवा पुलाला पाटी असते, तिच्यावर क्लबचं नाव आणि डे तिकीट मिळतं की फक्त सदस्यांनाच परवानगी आहे हे लिहिलेलं असतं. पाटी नसेल तर जवळच्या टॅकल शॉपमध्ये, म्हणजे मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, विचारा. पाटी नाही म्हणजे मोकळं आहे असं कधीही धरू नका. आणि एकाच कालव्यावर एका पुलापर्यंत एक क्लब आणि पुढच्या पुलापासून दुसरा, असंही असतं. आपण कुठल्या दोन पुलांच्या मध्ये आहोत ते बघून बसा.

खरोखर फुकट पाणी हवं असेल तर लंडनकरांना थेम्स आहे. टेडिंग्टनच्या खाली नदीला भरती-ओहोटी आहे आणि त्या भागात साधारणपणे तिकिटाशिवाय बसता येतं. लायसन्स लागतंच, बंद हंगामही लागूच. पण नवख्याला मी तिथे पाठवणार नाही. पाणी झपाट्याने चढतं आणि पाऊलवाट बघता बघता बुडते.

४. पहिलं पाणी निवडा

पहिल्या खेपेला कालवा किंवा लहान डे तिकीट तळं. नदी नंतर.

‘कमर्शियल’ म्हणतात त्या तळ्यांवर मासा भरपूर, बसायला फळ्यांचे ओटे, गाडी लावायला जागा, शौचालय, कधीकधी गरम चहा आणि बेकन रोल. मुलं बरोबर असतील तर हेच बरं, कारण दर दहा मिनिटांनी काहीतरी घडतं. तिथले नियम मात्र कडक आणि जागोजागी वेगळे. टोकामागे उलटा काटा असलेला गळ नको, कीपनेट (पकडलेले मासे पाण्यातच ठेवायची लांब जाळी) नको, पत्र्याचे डबे काठावर आणू नका, चारा इथलाच विकत घ्या, जाळी आधी औषधाच्या टबात बुडवा: पाटी पूर्ण वाचल्याशिवाय रॉड उघडू नका.

माझं मन विचाराल तर कालव्यावर आहे. पाणी संथ, खोली कमी, सामान थोडं, आणि मासा लहान पण खरा रानचा. ग्रँड युनियन लंडनहून बर्मिंगहॅमपर्यंत १३७ मैल जातो. साउथॉल, हेझ, वॉटफर्ड, मिल्टन कीन्स ही आपल्या लोकांची वस्ती असलेली गावं त्याच्या काठावरच आहेत. लेस्टरलाही त्याची एक शाखा जाते. स्लाऊ आर्म हा त्याचा फाटा गावात येऊन थांबतो, पुढे वाट नाही, त्यामुळे होड्यांची वर्दळ कमी आणि उन्हाळ्यात टेंचची आशा धरावी असं पाणी.

कालव्याच्या तळाचा आकार डोळ्यांसमोर आणा. आपल्या काठाजवळ उथळ पायरी, मग उतार, मध्ये होड्यांची वाट, पुढे पुन्हा चढ आणि पलीकडच्या काठाला उथळ पायरी. मधली वाट बहुतेक ठिकाणी दीडएक मीटर खोल. मोठे मासे पलीकडे झुडपांखाली असतात, तिकडेच सगळ्यांची नजर असते. नवख्याने मात्र आपल्याच बाजूचा उतार जिथे संपतो तिथे गळ टाकावा. होड्यांनी उचललेलं खाणं तिथेच येऊन साचतं, आणि ते ठिकाण काठापासून चार मीटरवर, हाताच्या टप्प्यात असतं.

शनिवार-रविवारी होड्या सुरू व्हायच्या आधी, सकाळी सहा ते नऊ, हा उत्तम वेळ.

५. सामान: कमी घ्या

दुकानदार तुम्हाला कार्पचा सेट दाखवील: दोन रॉड, मासा ओढू लागला की वाजणारे अलार्म, तंबू. नको म्हणा. मोठ्या कार्पपासून सुरुवात केलेली माणसं दिवसभर अलार्मकडे बघत बसतात आणि दुसऱ्या महिन्यात सामान विकायला काढतात. रोच आणि पर्च तासाभरात तुम्हाला जे शिकवतील ते अख्खा दिवस आडवा पडून कार्पची वाट बघताना मिळत नाही.

सुरुवातीला घ्या व्हिप, म्हणजे चार मीटरचा, रीळ नसलेला, टोकाला दोरा बांधायचा रॉड. आपल्या बांबूच्या काठीचंच हे हलकं भावंड. दोरा गुंतत नाही, फेकायला शिकावं लागत नाही, दहा वर्षांचं पोरही पहिल्या तासात सराईत होतं.

यादी:
– चार मीटरचा व्हिप
– तयार बांधलेल्या दोन-तीन रिग: तंगूस (नायलॉनचा दोरा), तरंगा, शिसाच्या ऐवजी मिळणारे बारीक मणी आणि गळ, सगळं एका पट्टीवर गुंडाळलेलं
– १८ आणि २० नंबरचे बिनकाट्याचे गळ, आखूड दोऱ्याला बांधलेले (नंबर जितका मोठा तितका गळ लहान)
– खोली मोजायचा वजनाचा मणी, म्हणजे प्लमेट
– डिसगॉर्जर, गळ सोडवायची काडी; दोन घ्या, एक हरवतेच
– लांब दांड्याचं, बिनगाठीच्या जाळीचं लँडिंग नेट
– मासा ठेवायची मऊ गादी
– लहान कात्री, जुना टॉवेल, कचऱ्याची पिशवी
– घडीची खुर्ची, पावसाचं जाकीट, पाण्याची बाटली, डबा

मुख्य तंगूस तीन पौंड ताणाचं आणि गळाजवळचा तुकडा दोन पौंडांचा ठेवा. कुठे अडकलं तर गळाजवळ तुटतं, आणि माशाच्या तोंडात लांब दोरा लोंबकळत राहत नाही.

शिशाबद्दल एक सांगायलाच हवं. ०.०६ ग्रॅमपेक्षा जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं इथे १९८७ पासून बेकायदा आहेत. तळातले दाणे आणि खडे गिळताना हंस शिसंही गिळत आणि विषबाधेने मरत. भारतातून आणलेलं जुनं गळाचं सामान असेल तर त्यातलं शिसं वापरू नका.

६. आमिष

इथलं हुकमी आमिष म्हणजे मॅगट, माशीच्या अळ्या. टॅकल शॉपमध्ये पाइंटच्या मापाने मिळतात, पांढऱ्या आणि लाल. सकाळपुरता अर्धा पाइंट पुरतो. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात, थोड्या भुशात, गार जागी ठेवा. डबा ओला होऊ देऊ नका, कारण ओल्या भिंतीवरून अळ्या सरळ वर चढतात. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा तर घरच्यांना विचारून. गॅरेज किंवा शेड असेल तर तीच जागा बरी.

अळ्यांना हात लावायचा नसेल तर डब्यातला मका आणि पांढरा ब्रेड ही दोन आमिषं पुरेशी आहेत. कणकेचा घट्ट गोळाही चालतो. घरून निघताना मळून ओल्या फडक्यात गुंडाळा. गांडूळ घातलं की पर्च आलाच म्हणून समजा.

७. काठावर बसल्यावर

आधी जागा. कुणी बसलेलं असेल तर दोघांत चांगलं अंतर सोडा, आणि त्याच्या मागून जाताना पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका. तो वळून बघेपर्यंत बोलू नका. वळला की “एनी लक?” एवढं विचारा, कुठे मासा आहे, कुठल्या आमिषाला येतोय, सगळं आपसूक कळतं. लॉक (होड्यांना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे पाण्याचे दरवाजे), फिरते पूल आणि नांगरलेल्या होड्या यांच्याजवळ बसू नका. काठाची वाट सायकलवाल्यांची आणि चालणाऱ्यांचीही आहे. रॉड तिच्यावर आडवा ठेवू नका.

आता खोली मोजणं. घाईत बहुतेक जण हे टाळतात आणि मग दिवसभर मासे का येत नाहीत याचा विचार करत बसतात. गळाला प्लमेट अडकवा आणि जिथे बसवायचं तिथेच अलगद खाली सोडा. तरंगा पूर्ण बुडाला तर तो वर सरकवा, म्हणजे खालचा दोरा लांब होईल. तरंगा आडवा पडला किंवा बराच वर राहिला तर खाली सरकवा. टोकाची रंगीत काडी जेमतेम पाण्याच्या वर राहिली की तुमचा गळ बरोबर तळाला टेकलाय. अर्धा फूट डावीकडे, अर्धा फूट उजवीकडे, थोडं पुढे असं चार ठिकाणी मोजा. पाच मिनिटांत उतार कुठे संपतो ते हाताला कळतं. त्या खोलीची खूण रॉडवर करून ठेवा, कारण गुंता झाला की पुन्हा रिग लावावी लागते.

मणी असे लावा की तरंग्याची फक्त टोकाची काडी दिसेल. जास्त उघडा राहिलेला तरंगा ओढून न्यायला माशाला जोर लागतो, त्याला संशय येतो आणि तो आमिष थुंकतो.

मग चारा. आठ-दहा अळ्या तरंग्याच्या डोक्यावर टाका आणि एक अळी गळाला, जाड टोकाच्या कडेला, जेमतेम कातडीतून. ती वळवळत राहिली पाहिजे. मेलेली, पिचकलेली अळी बदला. पुढे दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा आठ-दहा. एकदम मूठभर टाकलं तर मासे पोटभर खाऊन गप्प बसतात. थोडं आणि सतत, हाताची सवय होईपर्यंत घड्याळ लावून.

तरंगा कसा वागतो ते बघायला शिका. रोच आला की काडी थरथरते, किंचित बुडते, वर येते आणि मग तिरकी होऊन सरकत नाहीशी होते. पर्चचं तसं नाही. दोन-तीन ठसठशीत टिचक्या आणि तरंगा गडप. ब्रीम किंवा टेंच तळातून आमिष उचलतात तेव्हा मण्यांचं वजन निघतं आणि तरंगा उलट वर येतो, कधी आडवा होतो. तेव्हाही ओढायचं. ओढायचं म्हणजे झटका नाही. मनगटाने रॉडचं टोक वीतभर उचललं की पुरतं.

दोन रॉड लावलेत तर त्यांच्या मुठींमधलं अंतर तीन मीटरपेक्षा जास्त नको, आणि पाण्यात गळ असताना रॉड सोडून चहाला जाता येत नाही. दोन्ही कायद्याचे नियम आहेत.

८. मासा लागल्यावर

माझ्या लेखी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. इथे माणसाची पारख किती मासे पकडले यापेक्षा मासा कसा हाताळला यावर होते, आणि मला ते पटतं.

मासा लागण्याआधीच गादी पसरून, ओली करून ठेवा आणि जाळं पाण्यात टेकवा. मासा थकला की त्याला जाळ्यावर आणायचं. जाळं माशामागे पळवायचं नाही. लहान रोच व्हिपने सरळ हातात झुलवून घेता येतो.

हात ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं रोगांपासून रक्षण करतो, कोरड्या हाताने तो निघून येतो. रोच हलक्या मुठीत धरा: रुपेरी अंगावर निळसर झाक, पोटाखालचे पर लालसर, डोळ्याचं कडं लाल. पर्च असेल तर पाठीवरचे काटे आधी मागे दाबा, मग धरा. कल्ल्याच्या झाकणाचं टोकही धारदार असतं. अंगावरचे काळे उभे पट्टे आणि केशरी पर यांमुळे तो लांबूनच ओळखू येतो.

गळ ओठात दिसत असेल तर बोटांनी सुटतो. आत असेल तर डिसगॉर्जर घ्या. दोरा ताणून धरा, काडीच्या डोक्यातल्या खाचेत तो घाला, दोऱ्यावरून काडी गळापर्यंत सरकवा, किंचित पुढे ढकला. गळ सुटल्याचं बोटांना कळतं. मग काडी बाहेर. बिनकाट्याचा गळ असेल तर काही सेकंदांचं काम. गळ फारच खोल गेला असेल तर ओढाताण करू नका. दोरा जमेल तितका आत कापून मासा सोडा.

फोटो हवा तर कॅमेरा आधी तयार ठेवा. मोठा मासा गादीच्या वर, गुडघे टेकून, जमिनीलगत धरा. उभ्याने छातीशी धरलेला मासा निसटून दगडावर आपटलेला मी पाहिलाय, आणि ते बघवत नाही. सोडताना फेकू नका. दोन्ही हातांत पाण्याखाली धरा. तो स्वतः शेपटी मारून निघतो. कडक उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा जास्त वेळ धरावं लागतं.

पाइक लागला तर गोंधळू नका, पण बोटं तोंडात घालू नका. त्याचे दात मोठे आणि मागे वळलेले असतात. जवळच्या अनुभवी माणसाला हाक मारा. पाइकसाठी तारेचा दोरा आणि लांब चिमटा लागतो. जाणत्या माणसासोबत शिकल्याशिवाय मुद्दाम त्याच्या मागे जाऊ नका.

९. मासा घरी नेता येईल का?

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो, म्हणून सरळ उत्तर. नदीवर कायद्याने काही लहान मासे नेता येतात: दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा, त्यांत रोच, पर्च, डेस, ब्रीम वगैरे, ६५ सेंटिमीटरपर्यंतचा एक पाइक. पण नदीवरही पाण्याच्या मालकाची परवानगी हवी, आणि क्लब ती जवळजवळ कधीच देत नाहीत. तळ्यावरून मालकाला न विचारता मासा नेणं ही १९६८ च्या चोरीच्या कायद्याखाली सरळ चोरी ठरते. वाम मिळाली तर ती कुठेही सोडावीच लागते.

कायदा बाजूला ठेवला तरी इथल्या पाण्यावर दर आठवड्याला शेकडो माणसं बसतात. वीस पौंडांचा कार्प वाढायला बरीच वर्षं लागतात, आणि तोच मासा कितीतरी जणांच्या गळाला येऊन परत गेलेला असतो. तो एकाने नेला की सगळ्यांचा गेला. कालवणासाठी बाजारातून मासे आणा. आपल्या लोकांबद्दल काठावर कुजबुज होऊ नये याची जबाबदारी पहिल्यांदा येणाऱ्यावरच असते.

१०. जिवाची काळजी

विजेच्या तारा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, आणि तार रॉडला टेकायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी पुरतं. वर तारा असतील तर निदान ३० मीटर लांब बसा. रॉड घेऊन चालताना तो आडवा धरा.

लेप्टो आपल्या सगळ्यांना मुंबईच्या २००५ च्या पुरानंतर माहीत झाला. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा तोच आजार इथे वाइल्स डिसीज म्हणून ओळखला जातो. इथे तो क्वचित होतो, पण होतो. हातावरच्या जखमा वॉटरप्रूफ पट्टीने झाका, डबा खाण्याआधी हात धुवा, आणि पाण्यावर गेल्यानंतरच्या दिवसांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘मासेमारीला गेलो होतो’ हे आवर्जून सांगा.

कालव्याचे काठ उभे आणि निसरडे असतात, हिवाळ्यात पाणी बर्फासारखं गार. लहान मुलांना लाइफ जॅकेट घाला.

घरी आल्यावर जाळं आणि गादी नीट बघा, धुवा, पूर्ण वाळवा. एका पाण्यातले परके कोळंबीसारखे जीव आणि वनस्पतींचे तुकडे दुसऱ्या पाण्यात याच वाटेने जातात. तंगूसचा इंचभर तुकडाही काठावर सोडू नका. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. मासे पाण्यावर तडफडताना, मेलेले किंवा पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा चोवीस तासांचा नंबर आहे: ०८०० ८० ७० ६०. आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

११. पुढच्या हंगामासाठी

चार-पाच सकाळी व्हिपवर काढल्या की तेरा फुटी फ्लोट रॉड आणि साधं रीळ घ्या. उन्हाळ्यात अँगलिंग ट्रस्ट ही गळ टाकणाऱ्यांची संस्था आणि स्थानिक क्लब नवख्यांसाठी शिकवणीचे दिवस ठेवतात. सामान तेच देतात, शेजारी प्रशिक्षक बसतो. मुलांना तिथे जरूर न्या.

आणि क्लबचं कार्ड घ्या. डे तिकिटांच्या हिशेबाने बघितलं तर बहुतेक क्लबांची वर्षाची वर्गणी थोड्याच दिवसांत वसूल होते, आणि एका कार्डावर दोन-तीन तळी, कालव्याचा पट्टा आणि नदीचा एखादा काठ मिळतो. अनेक क्लबांचं वर्ष वसंतात किंवा जूनमध्ये सुरू होतं आणि चांगल्या क्लबांना प्रतीक्षायादी असते, म्हणून चौकशी फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. अर्जाला पासपोर्ट आकाराचा फोटो आणि रॉड लायसन्सचा नंबर लागतो. मुलांचं कार्ड वेगळं, स्वस्त, आणि बहुतेक क्लबांत त्यांच्यासोबत मोठं माणूस असावंच लागतं. कामाचे दिवसही विचारून घ्या: बऱ्याच क्लबांत वर्षातून एक-दोनदा सदस्य मिळून काठ साफ करतात, ओटे दुरुस्त करतात. त्याला जा. कुठल्या ओट्यावरून हिवाळ्यात रोच लागतो, हे तिथे फावडं हातात घेतलेला माणूस न विचारता सांगतो.